मॉरिशसला जाण्यापूर्वी

पुनरुत्थानाच्या सणानंतर आमच्या धर्मग्रामात लग्नांची गर्दी असते. अशाच एका लग्नानंतर चार दिवसांनी ते नवे जोडपे आशीर्वाद घेण्यासाठी माझ्याकडे आले. मुलगा म्हणाला, ''फादर, परवा आम्ही मॉरिशसला निघतो आहोत. तिथे रविवारची मिस्सा मिळेल का?'' सहलीला निघालेल्या तरुणाच्या तोंडी हा प्रश्न ऐकून मला मनापासून आनंद झाला. मुलीच्या हातात प्रवासी कंपनीने दिलेली रंगीत पुस्तिका होती. मी ती चाळली. निळा समुद्र, पांढरी वाळू, माडांची सावली, फळांनी सजविलेली ताटे असे सर्व काही तीत होते. माणूस मात्र कोठेच नव्हता.

मी त्यांना म्हणालो, ''मिस्सा नक्की मिळेल. त्या देशात चौघांपैकी एक जण तरी आपल्याच कॅथलिक धर्माचा आहे. पण तुम्ही जिथे चालला आहात, तिथली माणसे कोण आहेत, कोठून आली, कशी आली, हे तुम्हाला ठाऊक आहे का?'' दोघांनीही प्रांजळपणे मान हलविली. त्या दिवशी अर्धा तास मी त्यांच्याशी बोललो. आज आपल्या कुटुंबांतील कितीतरी तरुण मंडळी त्या बेटावर जातात. तेव्हा जे त्या दोघांना सांगितले आणि जे वेळेअभावी सांगायचे राहून गेले, ते या लेखात एकत्र मांडतो.

जेथे कोणीच मूळचा नाही

मॉरिशसचे मुख्य बेट मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटर अंतरावर हिंदी महासागरात वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जेमतेम निम्मे. सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला असलेले रॉद्रिग्ज हे चिमुकले बेटही याच देशाचा भाग आहे आणि तेथील बहुतेक सर्व प्रजा कॅथलिक आहे. साऱ्या देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे.

या बेटाच्या इतिहासातील पहिली ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही, की तेथे मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब खलाशांना हे बेट ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज जहाजे तेथे टेकून गेली. परंतु वस्ती कोणीच केली नाही. या द्वीपसमूहाला आजही 'मस्कारीन बेटे' असे म्हणतात, ते पेद्रो मस्करेन्हस या पोर्तुगीज दर्यावर्दीच्या नावावरून. हेच गृहस्थ पुढे १५५४ साली व्हाइसरॉय होऊन गोव्यात आले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे निधन पावले. गोव्यात आणि मंगळुरात घरोघर आढळणारे हे आडनाव त्या महासागरावरही असे कोरले गेले आहे.

१५९८ साली डच आले. आपल्या राजपुत्र मॉरित्सचे नाव त्यांनी बेटाला दिले. १६३९ साली त्यांनी जावाहून ऊस आणला. जंगलातील एबनीची झाडे तोडली. उडता न येणारा भोळा डोडो पक्षी त्यांच्याच काळात नामशेष झाला. १७१० साली डच बेट सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेऊन 'फ्रान्सचे बेट' असे त्याचे नामकरण केले. १७३५ साली आलेला गव्हर्नर माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुई हे बंदर उभारले. तीच आजची राजधानी होय. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकले. परंतु शरणागतीच्या अटींनुसार तेथील लोकांचा धर्म, कायदे व रीतिरिवाज जसेच्या तसे राखले. म्हणूनच दीडशे वर्षे इंग्रजांची सत्ता असूनही तेथील वर्तमानपत्रे प्रामुख्याने फ्रेंच आहेत, दिवाणी कायद्याचा पाया फ्रेंच आहे, आणि गाड्या मात्र आपल्यासारख्याच डाव्या बाजूने धावतात.

जेथे कोणीच मूळचा नाही, तेथे 'हा देश आमचा, तुम्ही उपरे' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. परंतु सारे एकाच रीतीने आले, असेही नाही. कोणी मालक म्हणून आला, कोणी साखळदंडात आला, कोणी करारावर अंगठा उठवून आला, तर कोणी वाण्याचा तराजू घेऊन आला. त्या येण्यातील फरक आजही तेथील माणसांच्या मनात जिवंत आहे. प्रवाशाने समजून घ्यावयाचे ते हेच.

साखळदंडातील बाप्तिस्मा

फ्रेंचांनी बेट वसविले ते गुलामांच्या श्रमांवर. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, आणि काही प्रमाणात भारतातूनही, माणसे पकडून व विकत घेऊन आणली गेली. पोर्ट लुईचे रस्ते, गोदामे, इस्पितळ त्यांच्याच हातांनी उभे राहिले.

आपल्या दृष्टीने क्लेशदायक असा एक भाग येथे सांगितलाच पाहिजे. गुलामांविषयीचा फ्रेंच राजाचा कायदा, ज्याला 'काळा कायदा' म्हणत, तो १७२३ साली या बेटांना लागू झाला. त्यात प्रत्येक गुलामाला कॅथलिक धर्माचे शिक्षण व बाप्तिस्मा द्यावा, रविवारी त्याला कामाला जुंपू नये, असा दंडक होता. त्याच कायद्यात गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता, असेही म्हटले होते. पळून गेलेल्या गुलामाचे पहिल्या खेपेस कान कापावेत व खांद्यावर डाग द्यावा, दुसऱ्या खेपेस पायाची शीर तोडावी, तिसऱ्या खेपेस मृत्युदंड द्यावा, अशी शिक्षा लिहिलेली होती. एकाच कागदावर बाप्तिस्म्याचे पाणी आणि डागण्याचा लोखंड! त्या बेटांवरील काही धर्मगुरूंकडेही गुलाम होते. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील हे पान आपण उलटून पुढे जाऊ शकत नाही.

१७९४ साली क्रांतिकारी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली. तो हुकूम अमलात आणण्यासाठी १७९६ साली पॅरिसहून आलेल्या अधिकाऱ्यांना बेटावरील मळेवाल्यांनी आल्या पावली परत पाठविले. अखेर इंग्रजांच्या अमदानीत १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, आणि तरीही 'उमेदवारी'च्या नावाखाली सक्तीचे काम १८३९ पर्यंत चालूच राहिले. सरकारने नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली. ती मालकांना मिळाली. ज्यांचे आयुष्य लुटले गेले होते, त्यांना एक पैसाही मिळाला नाही.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला 'ल मॉर्न' नावाचा उभ्या कड्यांचा डोंगर आहे. पळालेले गुलाम या डोंगरावर आश्रय घेत. मुक्तीची बातमी सांगण्यासाठी शिपायांची तुकडी वर येत असताना, ते आपल्याला पकडण्यास येत आहेत असे समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तेथील लोक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. २००८ साली हा डोंगर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. त्याच्या पायथ्याशी आता सुंदर हॉटेले आहेत. तेथे छायाचित्र काढणाऱ्याने आधी क्षणभर स्तब्ध उभे राहावे, एवढीच माझी विनंती आहे.

फादर लावाल

या मुक्त झालेल्या परंतु टाकून दिलेल्या लोकांत १८४१ च्या सप्टेंबरात एक फ्रेंच धर्मगुरू आला. त्याचे नाव झाक-देझिरे लावाल. नॉर्मंडीतील क्रोत या गावी १८०३ साली एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. तो शिकून डॉक्टर झाला होता. घोड्यावरून पडून झालेल्या अपघातानंतर त्याच्या जीवनाला वळण लागले, सेमिनरीत जाऊन १८३८ साली तो धर्मगुरू झाला, आणि बिशप कॉलियर यांच्याबरोबर मॉरिशसला आला.

गोऱ्या मळेवाल्यांनी अपेक्षा केली होती, की हा आपल्या पंक्तीला बसेल. तो बसला तो काळ्यांच्या झोपडीत. तेथील लोक क्रिओल बोलत. फ्रेंच शब्दांची ती बोली सुशिक्षितांच्या लेखी मोडकीतोडकी, हसण्याजोगी होती. लावाल यांनी तीच शिकून घेतली आणि तिच्यातच साधासोपा प्रश्नोत्तरीचा धर्मपाठ तयार केला. दिवसभराचे काम आटोपून माणसे सायंकाळी येत, तेव्हा ते त्यांना शिकवीत. शिकलेल्यांपैकीच स्त्री-पुरुषांना त्यांनी धर्मशिक्षक नेमले आणि वाडीवाडीत लहान लहान प्रार्थनाघरे उभी केली. तुरुंगात ते जात, रोग्यांची शुश्रूषा करीत. १८५४ च्या पटकीच्या साथीत त्यांचे वैद्यकीय ज्ञान गोरगरिबांच्या कामी आले. आरंभी त्यांना शिव्याशाप मिळाले, उपहास झाला. ते मागे हटले नाहीत. काळ्या माणसाशी 'आपण' म्हणून आदराने बोलणारा गोरा माणूस त्या लोकांनी प्रथमच पाहिला होता.

९ सप्टेंबर १८६४ रोजी फादर लावाल प्रभुचरणी लीन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला चाळीस हजार माणसे लोटली होती, असे सांगतात. परमगुरुस्वामी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ एप्रिल १९७९ रोजी त्यांना 'धन्य' म्हणून घोषित केले. त्या पोपमहोदयांच्या कारकिर्दीतील धन्यपदाचा हा पहिलाच सोहळा होता. १९८९ साली ते स्वतः मॉरिशसला गेले. पुढे पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली नेमका ९ सप्टेंबर हाच दिवस मॉरिशसच्या भेटीसाठी निवडला.

पोर्ट लुईच्या सेंत-क्रुआ या भागात त्यांची कबर आहे. तेथे फादरांची आडवी निजलेली मूर्ती असून भाविक तिला हात लावून प्रार्थना करतात. दर वर्षी ८ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक रात्रभर पायी चालत येतात. त्यांत कॅथलिक असतात, तसेच हिंदू असतात, मुसलमान असतात, चिनी असतात. मेणबत्ती लावताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. आपल्याकडे माऊंट मेरीच्या जत्रेत किंवा वेलांकणीला आपण हेच पाहतो. सप्टेंबरात जाणाऱ्याने शक्य असल्यास हा दिवस साधावा.

सोळा पायऱ्या

गुलामगिरी संपत आली, तेव्हा मळेवाल्यांना नवे हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. हे छत्तीस जण छोटा नागपूरच्या बाजूचे डोंगरी आदिवासी होते. तेथून सुरू झालेला ओघ पाऊणशे वर्षांहून अधिक काळ वाहत राहिला आणि त्यात साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मॉरिशसला गेले. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्यांच्यामागोमाग मद्रासहून, आणि सर्वांत थोडे मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत आपल्या कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील मराठी माणसे होती.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले की सोळा दगडी पायऱ्या चढून त्यांना डेपोत न्यावयाचे, तेथे नोंद करून मळ्यांवर वाटून द्यावयाचे, अशी पद्धत होती. त्या पायऱ्या आजही आहेत. 'आप्रवासी घाट' या नावाने २००६ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये पगार व शिधा. एक दिवस गैरहजर राहिला की दोन दिवसांचा पगार कापीत. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्रासह परवाना जवळ बाळगणे भाग पाडले. तो जवळ नसला, की भटक्या म्हणून अटक. या अन्यायाविरुद्ध आदोल्फ द प्लेवित्स या गोऱ्या गृहस्थाने १८७१ साली मजुरांचा अर्ज तयार करून गव्हर्नरकडे दिला. आपल्याच वर्गाचा रोष त्याने पत्करला. परिणामी शाही चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७५ च्या त्याच्या अहवालाने मजुरांची गाऱ्हाणी खरी ठरविली.

१९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना गांधीजी काही दिवस मॉरिशसला थांबले होते. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असा सल्ला त्यांनी तेथील भारतीयांना दिला. पुढे १९०७ साली मणिलाल डॉक्टर हे वकील तेथे गेले आणि मजुरांचे खटले लढले. १२ मार्च हा दांडीयात्रेच्या प्रारंभाचा दिवस. मॉरिशसने १९६८ साली त्याच दिवशी स्वातंत्र्य स्वीकारले आणि १९९२ साली त्याच दिवशी ते प्रजासत्ताक झाले.

आपल्या मराठी बांधवांविषयी दोन शब्द. संख्येने थोडे असूनही त्यांनी आपली ओळख टिकविली. वाकोआजवळील हेन्रिएटा गावी १८९६ साली प्रथम गणेशोत्सव झाला, असे ते सांगतात. आज गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातील जाखडी नाच तेथे 'झाकरी' म्हणून नाचला जातो. १९६० साली स्थापन झालेली मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन ही त्यांची मध्यवर्ती संस्था असून शाळांतून मराठी हा विषयही शिकविला जातो. घरची बोली मात्र बहुतेकांची आता क्रिओलच आहे. आडनावांची रूपे कारकुनांच्या लेखणीने पार बदलून गेली आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरील खूण असे सारे टिपलेले आहे. आपल्या मूळ गावाचा शोध घेऊ पाहणारे मॉरिशसकर तेथूनच सुरुवात करतात. तुम्ही रत्नागिरीकडचे आहात असे कळताच कोणी तुम्हाला हाताला धरून घरी नेले, तर नवल वाटू देऊ नका आणि घाईही करू नका.

सलोखा हा निसर्गाची देणगी नव्हे

मॉरिशसमध्ये साधारण निम्मे लोक हिंदू आहेत. पाचव्या हिश्श्याहून थोडे कमी मुसलमान आहेत. ख्रिस्ती तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, त्यांत कॅथलिक सर्वाधिक. व्यापारासाठी आलेल्या चिन्यांपैकीही पुष्कळ जण पुढे कॅथलिक झाले. सुट्ट्यांच्या यादीत महाशिवरात्र, तमिळांची थैपुसम कावडी, तेलुगूंचा उगादी, ईद, चिनी नववर्ष, दिवाळी आणि नाताळ ही सारी नावे एकत्र नांदतात. १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताची सुट्टी असते आणि २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची. हे चित्र पाहून पाहुण्याला वाटते, की येथे सलोखा वाऱ्याबरोबर वाहतो. तसे नाही. तो रोज सांभाळावा लागतो.

एक उदाहरण देतो. १८७० च्या दशकापासून तेथे रुपया हे चलन आहे, ते भारतीय मजुरांमुळेच. नोटेवर इंग्रजी, तमिळ व हिंदी अशा भाषांत मूल्य लिहिलेले असते. १९९८ साली नव्या नोटांवर तमिळच्या आधी हिंदी छापली गेली. तमिळ भाषिकांनी तीव्र निषेध केला आणि सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. प्रवाशाला हा प्रकार किरकोळ वाटेल; परंतु ज्याच्या आजोबाला केवळ क्रमांकाने ओळखले जात होते, त्याला आपल्या अक्षरांचा क्रम किरकोळ वाटत नाही.

निवडणुकीतही हीच काळजी दिसते. संसदेत ६२ प्रतिनिधी निवडून येतात. एखाद्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही, तर पराभूत उमेदवारांपैकी आठांपर्यंत जणांना संसदेत घेण्याची तरतूद राज्यघटनेत आहे. त्यासाठी हिंदू, मुसलमान, चिनी आणि 'सर्वसाधारण लोकसंख्या' असे चार गट धरले आहेत. आफ्रिकन वंशाचे क्रिओल आणि त्यांच्या पूर्वजांचे गोरे मालक, दोघेही त्या शेवटच्या गटात येतात. बाकीच्यांना नाव आहे. गुलामांच्या वंशजांना उरलेसुरले म्हणून मोजले जाते. या व्यवस्थेवर तेथे बरीच टीकाही होते.

१९९३ साली रोजे सेर्व्हो नावाच्या क्रिओल धर्मगुरूने ही व्यथा 'क्रिओलांचे दुखणे' अशा शब्दांत जाहीरपणे मांडली. शिक्षण, नोकरी, घर या सर्वांत आमचे लोक मागे राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी केवळ सरकारला दोष दिला नाही. ज्या ख्रिस्तसभेत हे लोक बहुसंख्य आहेत, तिच्यातही त्यांचा आवाज ऐकला जात नाही, हे त्यांनी स्पष्टपणे बोलून दाखविले. फादर लावाल यांच्या कबरीला नमन करणाऱ्या ख्रिस्तसभेला त्यांच्याच लेकरांनी विचारलेला हा प्रश्न होता.

सहा वर्षांनी ते दुखणे उफाळून वर आले. २१ फेब्रुवारी १९९९ रोजी काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट पेटले. चार दिवस दंगली चालल्या, माणसे मेली, घरे जळाली. त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कासम उतीम हे मुसलमान गृहस्थ आणि कार्डिनल झाँ मार्जेओ हे कॅथलिक महागुरुस्वामी दोघे मिळून देशभर फिरले, लोकांना भेटले आणि आग शांत झाली. मुसलमान राष्ट्राध्यक्षाने कॅथलिक कार्डिनलला बरोबर घेऊन होरपळलेल्या वस्त्यांत जावे, हे दृश्य त्या देशाच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते. पुढे २००९ साली सरकारने सत्य व न्याय आयोग नेमून गुलामगिरी व करारबद्ध मजुरी या दोहोंच्या परिणामांचा शोध घेतला. २०११ साली त्याचा अहवाल आला. जखम झाकली, म्हणून ती बरी होत नाही. तिला प्रकाशात आणावेच लागते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

आता थोडे व्यवहाराचे. तेथील ऋतू आपल्या उलट असतात. मे ते ऑक्टोबर हा हिवाळा, हवा आल्हाददायक. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा. त्यात जानेवारी ते मार्च या महिन्यांत चक्रीवादळांचा विशेष धोका असतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. प्रवेशाचे नियम बदलत असतात. तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावेत. पोर्ट लुईहून क्युरपीपपर्यंत आता मेट्रो रेल्वे धावते. बसही सर्वत्र आहे. हॉटेलच्या गाडीतून फिरण्याऐवजी एक दिवस बसने फिरावे; देश खिडकीतून नव्हे, शेजारच्या आसनावरून कळतो.

कचेरीत इंग्रजी, वर्तमानपत्रात फ्रेंच आणि घरात क्रिओल अशी तेथील रीत आहे. 'बोंझूर' म्हणून नमस्कार करावा आणि 'मेर्सी' म्हणून आभार मानावेत. मिस्सा बहुधा फ्रेंचमध्ये असते, कोठे कोठे क्रिओलमध्ये. क्रिओल मिस्सेत गुलामांच्या वारशाची 'रावान' ही चामड्याची डफासारखी वाजणारी चकती कानी पडली, तर ती ज्या हातांतून आली त्यांची आठवण ठेवावी. उत्तर टोकाला काप मालरो येथे लाल छपराचे सुंदर चर्च आहे. तेथे छायाचित्रांसाठी झुंबड उडते; आपण आत जाऊन गुडघे टेकावेत. पोर्ट लुईत डोंगरउतारावर शांतीराणी मरियेचे १९४० सालचे स्मारक आहे. तेथून सारे शहर आणि बंदर दिसते. डोंगरातील ग्रां बासां या तळ्याला हिंदू बांधव 'गंगा तलाव' मानतात. तेथे जाताना, किंवा मशिदीत जाताना, आपल्या देवळात पाहुण्याने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच वागावे.

रस्त्यावर हरभऱ्याची डाळ भरलेली 'ढोल पुरी' मिळते. गूळ वगळलेली पुरणपोळीच ती! मोहरी-हळद लावलेल्या माशाचे 'व्हिंदाय' चाखाल, तर आपल्या विंदालूची सख्खी नसली तरी चुलत बहीण भेटल्यासारखे वाटेल. कोणालाही त्याची जात वा 'तुम्ही मूळचे कोण' हे आरंभीच विचारू नये. १९७२ नंतरच्या जनगणनेत सरकारही तेथे माणसाला त्याचा समाज विचारीत नाही. ज्याला सांगावयाचे असेल, तो स्वतःहून सांगेल.

परतल्यावर

ते जोडपे परत आले, तेव्हा बरोबर खाऊ घेऊन भेटायला आले. समुद्राची छायाचित्रे बरीच होती. एक छायाचित्र मात्र सेंत-क्रुआचे होते. मुलगी म्हणाली, ''फादर, आम्ही मेणबत्ती लावली. शेजारी साडी नेसलेली एक आजी होती. तिची भाषा आम्हाला कळेना, आमची तिला कळेना. तिने नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.''

ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलो. 'ॲटलस' जहाजातून गेलेले ते पहिले छत्तीस जण छोटा नागपूरचे होते. आज त्याच छोटा नागपूरहून आदिवासी कॅथलिक मुली आपल्या शहरांत घरकामाला येतात, तरुण बांधकामावर येतात. रविवारी ते आपल्याच चर्चमध्ये, बहुधा मागच्या दाराजवळ, उभे असतात. त्यांची बोली आपल्याला येत नाही, आणि ती शिकावी असे आपल्यातील फारशा कोणाला वाटतही नाही. मी हे लिहितो तेव्हा स्वतःलाही वगळत नाही. सेमिनरीत मी लॅटिन शिकलो. त्या मुलींना 'कशी आहेस?' असे त्यांच्या भाषेत विचारता येईल इतकेही शब्द मला आजवर येत नव्हते.

फादर लावाल यांनी आरंभ केला तो शब्दांपासूनच. गेल्या महिन्यापासून मिस्सा संपल्यावर मी पाच मिनिटे मागच्या दाराशी थांबतो. एक मुलगी मला सादरी शिकविते. माझे उच्चार ऐकून त्या सगळ्या खळखळून हसतात. दूरच्या बेटावरील एका कबरीने मला आपल्याच चर्चच्या मागच्या दारापर्यंत आणून सोडले, याबद्दल मी परमेश्वराचे आभार मानतो.